उपाशी कोळसा

छबुबाईंच्या बाबतीत माझा एकच शब्द चुकला आणि तो त्यांना दोन वर्षं पुरला.

मी योगिता. मूळची कडा गावची, आता केजला एका खोलीत भाड्याने राहते आणि शेतीचं काम करणाऱ्या एका लहानशा संस्थेत नोकरी करते. नोकरी म्हणजे काय, तर स्कूटीवरून दहा-बारा गावं फिरायची, बायकांना झाडाखाली गोळा करायचं आणि संस्थेने छापून दिलेली पत्रकं वाचून दाखवायची. ही पत्रकं लिहिणाऱ्याने जन्मात कधी खुरपं धरलं असेल असं मला वाटत नाही. कागद मात्र गुळगुळीत असतो. माझ्या तोंडात त्या कागदाची भाषा इतकी बसली होती की आईशी फोनवर बोलतानाही मी "उपाययोजना" म्हणायचे आणि आई म्हणायची, "बरं, मग जेवलीस का?"

छबुबाईंचं रान युसूफ वडगावच्या शिवारात, गावापासून लांब. रानातच पत्र्याचं दोन खणांचं घर. नवरा मोहनराव वारून बारा वर्षं झालेली, एकुलती लेक तेजश्री लातूरला दिलेली. वय साठीच्या पुढे, अंगकाठी उंच, आवाज घोगरा, आणि समोरच्याच्या हातातलं काम काढून घेऊन स्वतः करायची सवय. मी पहिल्यांदा गेले तेव्हा स्कूटीचा स्टँड लागत नव्हता. त्यांनी मला बाजूला सारलं, स्टँडला एक लाथ घातली, तो लागला, आणि मग विचारलं, "कोण म्हणायचं तुमी?"

त्यांच्या रानाला लागून धाकट्या जावेचं, विजयमालाबाईंचं रान. त्याही एकट्याच. नवरा तानाजी गेलेला, मुलगा अंगद पुण्याला कंपनीत. कधीकाळी हे सगळं एकच रान होतं. वाटणीच्या वेळी भाऊ भाऊ असे भांडले की चार वर्षं एकमेकांच्या दारात गेले नाहीत. जावा काही भांडल्या नाहीत. नवरे आपापल्या घरात तोंड फुगवून बसायचे आणि या दोघी दुपारी मधल्या बांधावर, बोरीखाली, आपापलं फडकं सोडून जेवायच्या. पुढे नवरे गेले, बोर वाढली, दोघी बसतच राहिल्या. विजयमालाबाई कायम बुंध्याच्या अंगाला, कारण त्यांचे गुडघे दुखायचे आणि उठताना बुंध्याला धरता यायचं. छबुबाई त्यांच्या शेजारी.

पहिल्या भेटीत मी त्या बांधावरच जाऊन बसले. हिवाळा सरत आला होता. छबुबाईंच्या रानात बांधाकडेला हरभरा होता, घाटे भरलेले. विजयमालाबाई बोलता बोलता हात लांब करून एकेक झाड उपटत होत्या आणि घाटे सोलून खात होत्या. हरभऱ्याच्या अशा हिरव्या झाडाला आमच्याकडे डहाळा म्हणतात. डहाळा छबुबाईंचा आणि मीठ विजयमालाबाईंचं, कागदाच्या पुडीत बांधून आणलेलं. मलाही खावासा वाटला. मी शहाण्यासारखं विचारलं, "मावशी, थोडा डहाळा घेऊ का?"

दोघी हसल्या. विजयमालाबाई म्हणाल्या, "इचारायला तुमी परक्या हाव व्हय?"

पुढे येणंजाणं वाढलं तसं माझ्या लक्षात आलं की या दोघींच्यात विचारणं हा प्रकारच नव्हता. छबुबाईंचा बोअर कधीच आटलेला. त्या जावेच्या विहिरीवर जायच्या, मोटार चालू करायच्या, हंडे भरायच्या, बंद करून यायच्या. विजयमालाबाई यांच्या चुलीवरचं कालवण झाकण काढून बघायच्या आणि आवडलं तर वाटी भरून न्यायच्या. एकीचं खुरपं दुसरीच्या घरी कधी गेलं हे दोघींनाही ठाऊक नसायचं. मी एकुलती, आणि केजच्या खोलीत तर शेजारीण साखर मागायलाही दार वाजवून, चप्पल काढून, दोनदा माफी मागून येते. मला या दोघींचा हेवा वाटायचा.

आता कोळशाकडे येते.

कापूस वेचून झाला की रानात पऱ्हाट्या, म्हणजे कपाशीची वाळकी झाडं, उभ्या राहतात. त्या उपटायच्या, ढीग लावायचा आणि काडी ओढायची, ही आमच्याकडची रीत. सगळ्याची राख होते. आमच्या संस्थेने त्या वर्षी नवीन काम काढलं होतं. त्याच पऱ्हाट्या खड्ड्यात, कमी हवेवर जाळायच्या आणि राख व्हायच्या आत विझवायच्या, म्हणजे कोळसा मिळतो. तो बारीक करून रानात घालायचा. छबुबाईंच्या रानाचा वरचा तुकडा बरड होता, मुरूम उघडा पडलेला, घातलेलं खत एका पावसात धुऊन जायचं. विजयमालाबाईंचा तसाच, उलट जास्तच. मी छबुबाईंना गळ घातली.

त्या कामात मी त्यांचा हात बघितला. वर तोंड रुंद, खाली निमुळता असा खड्डा, आणि जाळ खालून नाही, वरून लावायचा. पहिला थर पेटून त्यावर राखेची पांढरी साय धरायला लागली की दुसरा थर. धूर जवळजवळ नाहीच. जन्मभर चूल सांभाळलेल्या बाईला हे शिकवावं लागलं नाही. कुठला थर कधी टाकायचा हे त्या आवाजावरून ओळखायच्या. शेवटी दोन हंडे पाणी ओतलं, वाफेचा लोट उठला, आणि खाली राहिला काळाभोर, हलका कोळसा. हातात घेऊन हलवला तर किणकिण वाजत होता, फुटक्या बांगड्यांसारखा.

मी पत्रक काढलं आणि वाचलं, "हा कोळसा जमिनीत शंभर वर्षं टिकतो. त्याच्या सूक्ष्म छिद्रांत उपयुक्त जिवाणू वस्ती करतात व नत्र धरून ठेवतात. वापरण्यापूर्वी तो चांगला भिजवून घ्यावा."

"भिजवलाय की," छबुबाई म्हणाल्या. "दोन हंडं ओतलं न्हाई का आत्ता?"

मला अजून दोन गावं करायची होती. ऊन चढत होतं. मी म्हणाले, "हो का? मग झालं." आणि पत्रक पिशवीत टाकलं. कशात भिजवायचं, किती दिवस भिजवायचं, हे मागच्या बाजूला छापलं होतं. मी पान उलटलं नाही.

कोळसा कुटून झाला तेव्हा छबुबाईंनी मोठा ढीग जावेच्या रानात नेऊन ओतला आणि लहान स्वतःकडे ठेवला. "तिचं रान माझ्याहून भुकेलं हाय," म्हणाल्या. त्यांनी विचारलं नाही आणि विजयमालाबाईंनी "कशाला टाकलंस?" म्हटलं नाही. दोघींनी बरडात तो मिसळला, आणि जूनमध्ये पाऊस झाल्यावर बाजरी पेरली.

जुलैत छबुबाईंचा फोन आला. "मॅडम, येऊन जावा एकदा." एवढंच.

बाजरी वीतभर आली होती आणि पिवळी होती. खालची पानं टोकापासून वाळत चाललेली. बाकीचं रान हिरवं आणि कोळसा घातलेले तुकडे तेवढे पिवळे, इतके नेमके की वरून कुणी चौकोन आखून रंग दिला असता तरी एवढा सारखा आला नसता. विजयमालाबाईंच्या रानात कोळसा जास्त, म्हणून पिवळेपणाही जास्त.

मला कळलं.  मी बांधावर उभी राहून दोघींना सांगायला लागले. चिमूटभर मातीत डोळ्यांना न दिसणारे असंख्य जीव असतात. पालापाचोळा, शेण कुजवून ते पिकाला नत्र देतात. पण नवा कोळसा आतून रिकामा असतो. त्याच्या भोकाभोकांत ते जीव नव्याने बिऱ्हाड मांडतात, आणि बिऱ्हाड मांडायला त्यांना स्वतःलाच आधी नत्र लागतं. तेवढं ते मातीतून उचलतात. वर कोळसाही काही धरून ठेवतो. पिकाला उरत नाही.

"म्हंजे घरात उपाशी पाव्हणा आला," छबुबाई म्हणाल्या, "आन लेकराचं ताट त्येच्याम्होरं गेलं."

"हो. पण त्याचं पोट भरलं की तो नंतर देतो. म्हणून रानात टाकायच्या आधीच त्याला जेवू घालायचं असतं. शेण, गोमूत्र, थोडा गूळ, बांधावरची माती, या सगळ्यात तीन आठवडे कोळसा ठेवायचा."

छबुबाई माझ्याकडे बघत राहिल्या. रागाने नाही. मला राग चालला असता.

"म्हंजे मुरवायचा," त्या म्हणाल्या. "लोणच्यावानी."

"हो."

"मंग मुरवायचा म्हणायचं न्हाई का, मॅडम? भिजवायचा कावून म्हणलात?"

मुरवायचा. साधा, घरातला शब्द. कड्याला माझी आई दर उन्हाळ्यात दहा वेळा म्हणते. तो मला त्या दिवशी सुचला नाही, कारण तो कागदावर नव्हता.

विजयमालाबाई पिवळ्या बाजरीकडे बघत होत्या. त्यांनी एकच विचारलं. "शंभर वर्सं टिकतो म्हणला होतात ना हो?"

 जी गोष्ट मी गुण म्हणून वाचली होती ती त्या बाईला जन्मठेपेसारखी ऐकू आली. आणि रानात मिसळलेला कोळसा वेचून बाहेर काढता येत नाही.

त्याच क्षणी मी म्हणायला हवं होतं की चूक माझी आहे. मी घाईत होते, मी पान उलटलं नाही. मी तोंड उघडलं आणि त्यातून आलं, "पत्रकात तसं लिहिलं होतं, पण..." आणि माझी ती तारांबळ बघून छबुबाई मध्येच म्हणाल्या, "मॅडमचं काय न्हाई विजे. त्येनी सांगितलं आसंल, माझंच ध्यान नव्हतं." मी त्यांना तसं म्हणू दिलं. हे लिहिताना आजही माझे कान तापतात.

पुढच्या आठ-पंधरा दिवसांत मी गेले तेव्हा छबुबाई विहिरीजवळ हंडा घेऊन उभ्या होत्या. नुसत्या उभ्या. मोटारीच्या पेटीला हात लावला नव्हता. पलीकडे विजयमालाबाई गवत कापत होत्या.

"विजे," छबुबाई म्हणाल्या, "पाणी घिऊ का?"

विजयमालाबाईंचा विळा थांबला. त्या म्हणाल्या, "घ्या."

मी तिथेच होते. दोन्ही वाक्यं माझ्या कानावर पडली आणि मला त्यात काही खटकलं नाही. विचारलं, दिलं, संपलं. मला वाटलं, चला, निदान बोलणं तरी चालू आहे.

त्यानंतर बांधावर कुणी बसेना.

छबुबाई घरात जेवायला लागल्या. मी कधी दुपारी पोचले तर त्या पत्र्याच्या खोलीत दाराकडे पाठ करून बसलेल्या असायच्या. दारातून बोर दिसायची, म्हणून पाठ. भाकरी दोनाची एक झाली होती. मोबाईल उशाला असायचा, पण तेजश्रीला त्या रविवारीच फोन करायच्या, कारण "तिला पोरीचा आब्यास आसतो." एकदा मी विचारलं, "मावशी, करमतं का?" त्या म्हणाल्या, "करमाय काय, दिवस जातो की. रात बी जाती. दुपारचं तेवढं जेवण गिळत न्हाई."

कोळशाचं काम मात्र त्यांनी सोडलं नाही. मला वाटलं होतं, आता या बाई मला बांधावरून हाकलून देतील. उलट त्यांनी घरामागे एक खड्डा काढला, आपल्या ढिगातला उरलेला कोळसा त्यात घातला, गाईचं शेण-मूत, गूळ, बोरीखालची माती, आणि रोज काठीने ढवळायला लागल्या. पत्रकात तीन आठवडे लिहिलं होतं. छबुबाईंनी स्वतःची खूण शोधली. खड्ड्यावर वाकलं की आधी गोमूत्राचा वास नाकात झोंबायचा. दिवस जातील तसा तो कमी व्हायचा. ज्या दिवशी वास पार मेला, त्या दिवशी कोळसा मुरला. मी हे आमच्या साहेबांना सांगितलं तेव्हा ते म्हणाले, बाई बरोबर सांगतात, झोंबतो तो नत्राचाच वायू, एरवी हवेत उडून जातो, कोळशाने तो धरला. माझ्या पाच वर्षांच्या नोकरीत मला हे नाकाने कधी कळलं नव्हतं.

बाजरी काढून त्यांनी बरडात हरभरा पेरला, तो माझ्या सांगण्यावरून. हरभऱ्याच्या मुळांवर गाठी असतात. त्यांतले जिवाणू हवेतलं नत्र ओढून झाडाला देतात. मातीत नत्र कमी असलं की त्या गाठी उलट जास्त धरतात. डिसेंबरात छबुबाईंनी एक झाड कोळशाच्या तुकड्यातून आणि एक खालच्या रानातून उपटलं, बादलीत मुळं धुतली आणि माझ्यासमोर धरली. कोळशातल्या मुळावर गाठी दाटीने लागल्या होत्या. त्यांनी नखाने एक फोडली. आत लालसर रंग होता, म्हणजे गाठ जिवंत, कामाला लागलेली.

"बगा," त्या म्हणाल्या. "कुणी जेवाय वाढीना म्हणल्याव त्येनं सोताच चूल पेटवली." त्यांचा चेहरा इतका उजळला की मला कित्येक महिन्यांनंतर जुन्या छबुबाई दिसल्या. त्या गर्रकन बांधाकडे वळल्या, हात वर केला, तोंडात "विजे" आलेलंही मी पाहिलं. पलीकडे विजयमालाबाई पाठमोऱ्या होत्या. छबुबाईंनी हात खाली घेतला आणि ते झाड बादलीत टाकलं.

जानेवारीत घाटे भरले. विजयमालाबाई डहाळ्याला आल्या नाहीत. फेब्रुवारीत हरभरा काढला तेव्हा छबुबाईंनी बांधाकडच्या दोन ओळी उभ्या ठेवल्या. कुणासाठी, हे त्या बोलल्या नाहीत आणि मी विचारलं नाही. त्या ओळी जागेवर वाळल्या, घाटे फुटले, दाणे मातीत पडले. मार्चमध्ये पारवे येऊन ते वेचत होते. छबुबाई दारात उभ्या राहून पारव्यांकडे बघत होत्या. त्यांनी ते हाकलले नाहीत.

दुसऱ्या वर्षी मात्र कोळशाने शब्द पाळला. ऑगस्टमध्ये पावसाने तीन आठवडे ताण दिला, शिवारातल्या बरडावरच्या बाजऱ्या करपल्या आणि विजयमालाबाईंच्या त्याच तुकड्यातली बाजरी काळपट हिरवी उभी राहिली. पाहुण्याचं पोट भरलं होतं. मुरमातून वाहून जाणारं आता कोळशात थांबत होतं, आणि त्यात बसलेले जीव पिकाला हळूहळू ताट वाढत होते. भारी काळ्या रानात एवढा फरक पडला नसता, हेही खरं. पण बरडाला तो पडला आणि येणारे-जाणारे माझी स्कूटी थांबवून मला विचारायला लागले.

मला वाटलं, झालं, आता बांधावर जेवणं सुरू. पिवळी बाजरी हेच जर भांडण, तर ते संपलं. मी मुद्दाम दुपारी गेले. बोरीखाली कुणी नव्हतं. विहिरीवर छबुबाई म्हणत होत्या, "पाणी घिऊ का?" आणि उत्तर येत होतं, "घ्या."

मग जानेवारी आला. संस्थेने केजला चाळीस शेतकऱ्यांचं शिबिर ठेवलं, गुरुवारी. साहेब म्हणाले, त्या छबुबाईंना बोलायला आणा. त्या तयार होईनात. "मी काय बोलू? माझ्यापायी जावंचं रान गेलतं, त्ये सांगू?" मी म्हणाले, "मावशी, तुम्ही बोललात तर चाळीस जणांची बाजरी वाचेल." हे वाक्य मीच तयार केलेलं होतं आणि मला त्याचा अभिमान वाटत होता. त्या हो म्हणाल्या.

त्यांचं हो ऐकून मला माझीच लाज वाटली. मंगळवारी मी स्कूटी सरळ विजयमालाबाईंच्या दारात लावली. त्या ओट्यावर गुडघ्याला तेल चोळत बसल्या होत्या. मार्चमध्ये, होळी झाल्यावर, अंगद त्यांना पुण्याला नेऊन ऑपरेशन करणार होता, हे गावाला ठाऊक होतं. मी उभ्या उभ्याच सांगून टाकलं. चूक माझी. मी अर्धंच वाचलं. मावशींनी माझी चूक अंगावर घेतली आणि मी घेऊ दिली.

विजयमालाबाई तेल चोळत राहिल्या. "म्हाईत हाय मला," म्हणाल्या. "ती काय ध्यान न देणारी बाई हाय व्हय? तवाच कळलं."

"मग तुम्ही त्यांच्यावर का रागावलात?"

"बाजरीपायी? एका सालाच्या बाजरीपायी मी माझ्या जावंवर रागवीन?" त्यांनी तेलाची वाटी खाली ठेवली. "तिनं मला इचारलं, मॅडम. पाणी घिऊ का म्हणली. चौतीस वर्सं माझ्या हिरीवर तिनं कधी इचारलं न्हाई. मी बाळंतीण आसताना माझ्या घरातलं पीठ-मीठ इचारलं न्हाई. आन त्या दिशी माझ्या दारात हंडा घिऊन भिकाऱ्यावानी हुबी राह्यली. म्हंजे तिनं मला परकं केलं. मंग मी बी घे न्हाई, घ्या म्हणले. काय म्हणायचं दुसरं?"

"त्यांना अपराधी वाटत होतं हो."

"वाटू दे की. आपराध काय परक्याचा करत्यात? घरच्याचाच करत्यात."

मी बोरीकडे हात केला. छबुबाईंच्या रानात यंदाही हरभरा होता, बांधाकडच्या दोन ओळी सर्वांत दाट. "गेल्या वर्षी त्यांनी दोन ओळी ठेवल्या होत्या," मी म्हणाले.

"दिसल्या. वाळोस्तर बगितल्या मी त्या."

"मग घ्यायच्या ना."

"कशा? इचारून घिऊ? आन न इचारता घ्यायचा हक्क ऱ्हायलाय का, ह्ये मला कुणी सांगायचं?"

 मी आपलं माझं ज्ञान पाजळलं. म्हणाले, मुळावरच्या गाठी फोडून बघा एकदा, आत लाल निघतं, मावशींना ते तुम्हाला दाखवायचं होतं, हाक मारायला हात वर केला होता त्यांनी. विजयमालाबाईंनी वाटी उचलली आणि आत गेल्या.

हे सगळं छबुबाईंना सांगायचं मी ठरवलं, पण शिबिर झाल्यावर. आधी सांगितलं तर त्या यायच्या नाहीत, अशी मला भीती होती. होळीला अजून दीड महिना होता.

गुरुवारी छबुबाई ठेवणीतलं लुगडं नेसून जीपने केजला आल्या. चाळीस जणांसमोर उभ्या राहिल्या, पदर दोन्ही हातांत धरून. "लोणचं घालता न्हवं?" त्यांनी सुरुवात केली. "फोडी नुसत्या पाण्यात बुडवून ताटात वाढता का? मंग कोळसा बी तसा रानात वाढू नका. मुरवा. वास मरोस्तर मुरवा." लोक हसले, मग लिहून घ्यायला लागले. एकाने विचारलं, नाही मुरवला तर काय होतं? छबुबाई म्हणाल्या, "बाजरी येती पुढच्या साली. बाकीचं येत न्हाई." कुणाला काही कळलं नाही, पण टाळ्या मात्र पडल्या.

परतताना मी त्यांना स्कूटीवर घेतलं. चार वाजले असतील. गावाच्या पाटीवर, म्हणजे फाट्यावर, हरिबाच्या टपरीशी चहाला थांबलो. हरिबा कप देता देता म्हणाला, "गेल्या की विजयमालाबाई. अंगद गाडी घिऊन आलता दुपारी. डाक्टरनं सोमवारचीच तारीख दिली म्हणं."

"होळीला जानार होती ना?" छबुबाई म्हणाल्या.

"न्हाई, गेल्या. भांडीकुंडी घिऊन गेल्या. रान बटईनं दुसऱ्याला लावलंय. आता अंगद काय धाडतोय त्येन्ला हिकडं एकटं?"

छबुबाईंनी चहा संपवला. कप विसळून ठेवला. आम्ही निघालो. माझ्या खांद्यावरचा त्यांचा हात जड झाला होता. मी तेव्हा, स्कूटी चालवता चालवता, मंगळवारचं सगळं सांगून टाकलं. वाऱ्यात त्यांना किती ऐकू गेलं ठाऊक नाही. मी पुन्हा उशीर केला होता आणि त्यांना त्याच दिवशी घरापासून लांब नेणारीही मीच होते.

विजयमालाबाईंच्या दाराला कुलूप होतं. छबुबाई तिथे थांबल्या नाहीत. सरळ बांधाकडे चालत गेल्या, मी मागे.

बांधाकडच्या ओळीत मधेच एक भगदाड पडलं होतं. आठ-दहा झाडं उपटलेली. बोरीच्या बुंध्याशी घाट्यांची हिरवी टरफलं पडली होती, अजून ओलसर. झाडांची मुळं एका रांगेत मांडून ठेवली होती, आणि मुळांवरच्या गाठी नखाने फोडलेल्या होत्या. एकूण एक. आतला लाल रंग वाळून तपकिरी व्हायला लागला होता. शेजारी दगडाखाली कागदाची एक पुडी दाबून ठेवली होती.

छबुबाईंनी पुडी सोडली. आत मीठ होतं, अर्धं.

"न इचारता नेला," त्या म्हणाल्या. आणि परत म्हणाल्या, "न इचारता नेला, बगा, विजीनं." आणि पदर तोंडाशी नेऊन त्या मोठ्याने रडल्या. त्या मला परत "भिजवायचा कावून म्हणलात" म्हणाल्या असत्या तरी बरं वाटलं असतं.

मी फोन काढला. अंगदचा नंबर माझ्याकडे होता. "लावू का मावशी? बोला ना."

"आता नको," त्यांनी डोळे पुसले. "गाडीत तिला मळमळतं. बोलाय लागली की जास्तच. उद्या लावू."

त्या खाली बसल्या, आपल्या नेहमीच्या जागी. दोन झाडं उपटून मांडीवर घेतली. मी त्यांच्या शेजारी, बुंध्याच्या अंगाला टेकायला गेले.

"तितं नको, मॅडम," त्या म्हणाल्या. "हिकडून बसा."

मी वळसा घालून पलीकडे बसले. छबुबाईंनी मिठाची पुडी उघडीच, बुंध्याजवळच्या मोकळ्या जागेत ठेवली, आणि घाटा सोलला की हात लांब करून तिथून मीठ घेत राहिल्या.